सूत जुळवताना

गाडीच्या बॉनेटला मराठीत काय म्हणतात हे कुणाला माहीत असेल, तर कृपया मला सांगा. मी बऱ्याच जणांना विचारून पाहिलं. मेसच्या मावशी म्हणाल्या, "झाकणच की ते!" वर्कशॉपचे सर म्हणाले, "बॉनेटच म्हणायचं, उगाच भाषेची वाट लावू नकोस." इंग्रज त्याला ‘बॉनेट’ म्हणतात, म्हणजे टोपडं. अमेरिकन ‘हूड’ म्हणतात, म्हणजे कुंची. एवढं मोठं इंजिन बघून दोघांनाही तान्ह्या बाळाचे कपडे कसे आठवले, देव जाणे!

आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटची. दहावीपर्यंत मराठी म्हणजे दुपारच्या जेवणानंतरचा, डोळे मिटायला लावणारा तास. मराठी विभागासाठी लिहितेय म्हटल्यावर रूममेट इतकी हसली की तिच्या हातातला चहा माझ्या ड्रॉइंग शीटवर सांडला. (शीट परत काढावी लागली. त्याबद्दल वेगळा लेख होईल.) पण ही गोष्ट ज्या माणसाबरोबर घडली तो माझ्याशी इंग्रजीत एक वाक्य बोलला नाही, आणि ज्या शब्दाभोवती घडली त्याला इंग्रजीत प्रतिशब्द नाही. तेव्हा मराठीतच लिहायला हवी.

तो शब्द म्हणजे ‘सूत’.

माझे मोठे काका अमेरिकेत मिशिगन राज्यात, डेट्रॉइटजवळच्या ट्रॉय नावाच्या गावात राहतात. मूळचे अर्थात आम्ही सगळे कोल्हापूरचे. आजोबांचं शिवाजी उद्यमनगरात छोटं वर्कशॉप होतं. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन आणि एक शेपर. काका तिथेच शिकले, मग डिप्लोमा, मग डिग्री, मग डेट्रॉइट. गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत त्यांनी जन्मभर टूल डिझाइन केलं. निवृत्त होऊन आता पाच वर्षं झाली. २०२४ च्या जूनमध्ये त्यांनी मला सुट्टीत बोलावलं. मला वाटलं नायगारा, शिकागो, मॉल वगैरे. नायगारा झालाही, दीड दिवसात. बाकीची सुट्टी मी त्यांच्या गॅरेजमध्ये एका १९७७ सालच्या शेव्हरोले कॉर्व्हेटच्या बॉनेटखाली काढली.

आता थोडा इतिहास. कंटाळा आला तर पुढचे तीन परिच्छेद गाळा, पण व्हायवाला विचारलं तर मला बोल लावू नका.

कॉर्व्हेट पहिल्यांदा १९५३ साली आली. त्या वर्षी मिशिगनमधल्याच फ्लिंट गावात फक्त ३०० गाड्या बनल्या, सगळ्या पांढऱ्या, आतून लाल. बॉडी पत्र्याची नव्हती, फायबरग्लासची होती. याचं कारण साधं आहे. पत्रा दाबायला जे पोलादी डाय लागतात ते महाग असतात आणि बनवायला वेळ खातात. लाखभर गाड्या काढायच्या असतील तर तो खर्च वाटला जातो. थोड्याच गाड्या काढायच्या तर फायबर परवडतं. काचेचे तंतू घ्यायचे, त्यांत रेझिन मुरवायचं, साच्यात वाळू द्यायचं. इंग्लंडमधल्या लोटससारख्या छोट्या कंपन्यांनीही हाच मार्ग धरला. आपल्याकडे १९९८ साली ‘सॅन स्टॉर्म’ नावाची छोटी टू-सीटर आली होती, गोव्याची, तिचीही बॉडी फायबरचीच. कुणाला आठवत असेल.

फायबर गंजत नाही हे खरं. पण म्हणून फायबरची गाडी गंजत नाही असं समजू नका. खालची चेसिस पोलादाचीच असते, समोरच्या काचेभोवतीचा सांगाडाही पोलादाचाच. तो आतून खाल्ला जातो आणि वरून गाडी नवरीसारखी दिसते.

दुसरी गंमत अशी की आपल्या नेहमीच्या गाडीचे पुढचे फेंडर बोल्टने बसवलेले असतात. बोल्टची भोकं लांबट असतात. फट कमीजास्त झाली तर बोल्ट सैल करायचा, फेंडर जरा सरकवायचा, परत आवळायचा. कॉर्व्हेटचे फेंडर आतून पट्ट्या लावून चिकटवलेले असतात. ते सरकत नाहीत. म्हणजे बॉनेट ज्या चौकटीत बसायचं ती चौकट कायमची ठरलेली, आणि हलवायला हातात एकच गोष्ट, ते बॉनेट.

तर काकांची गाडी. त्यांनी ती वीस वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली. गडद निळी. दर रविवारी सकाळी ते ती काढायचे आणि काकू मागे ओरडायची, "देवळात तरी साध्या गाडीतून जाऊया की!" आता काकांचे दोन्ही गुडघे गेलेत. कॉर्व्हेट जमिनीला इतकी टेकलेली असते की तिच्यात बसायचं म्हणजे पाटावर बसल्यासारखं, आणि उठायचं म्हणजे... जाऊ दे. त्यांनी गाडी विकायची ठरवली. घ्यायला ओहायोतल्या टोलेडोचा एक शाळामास्तर तयार होता. फोटो बघून किंमत ठरली होती. तो जूनच्या शेवटच्या शनिवारी गाडी बघायला येणार होता.

अडचण फक्त बॉनेटची. आदल्या हिवाळ्यात इंजिनाच्या कामासाठी एका गॅरेजमध्ये बॉनेट उतरवलं होतं. परत बसवलं ते असं की मागच्या टोकाला, म्हणजे काचेजवळ, उजव्या बाजूला कागद शिरेना आणि डाव्या बाजूला माझी करंगळी जाईल एवढी फट. डावा कोपरा वर उचललेला. उजव्या कडेचा रंग घासून उडालेला. दुसऱ्या एका बॉडी शॉपने उपाय सांगितला होता: उजवी कड घासून कमी करू, डाव्या कडेला लांबी भरू, वरून रंग. दोन दिवसांत काम होईल, कुणाला कळणारही नाही.

"कुणाला कळणार नाही म्हणजे काय?" काका मला म्हणाले. "मला कळतंय की!"

पहिल्या दिवशी त्यांनी मला हातात टॉर्च देऊन गाडीभोवती फिरवलं. म्हणाले, "डाव्या बाजूला किती आहे बघ."

मी व्हर्नियर मागितला. ते हसले आणि ड्रिल बिटांचा डबा पुढे केला. फटीत एकेक बिट घालून बघायचं. जे अलगद सरकतं तेवढी फट. फायबरवर व्हर्नियरचे जबडे घासले तर रंग जातो, बिट मात्र गोल असतं, हलकेच फिरतं.

"तीन-अष्टमांश इंच," मी म्हटलं.

"म्हणजे तीन सूत. आणि उजवीकडे शून्य. मग पाहिजे किती?"

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आपल्याकडचे सुतार, फिटर, गवंडी अजूनही सुतात बोलतात. मी कोल्हापुरात वाढले, पण हा शब्द मला अमेरिकेत कळला. काका चाळीस वर्षं तिकडे आहेत, आणि तिथली मापं अजून इंचातच असल्यामुळे त्यांचं सूत सुटलेलंच नाही!

"दोन्हीकडे दीड सूत," मी म्हटलं.

"शाब्बास. आता ते कसं आणायचं ते तू सांग. मेकॅनिकलला आहेस ना?"

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या मेकॅनिकलच्या वर्गात आम्ही सहा मुली. पहिल्या वर्षापासून वर्कशॉपमध्ये आमचं काम ठरलेलं: मुलं जॉब करणार, आम्ही रीडिंग घेणार आणि जर्नल लिहिणार. कुणी वाईट वागत नाही. उलट फारच चांगले वागतात. "अगं राहू दे, हात खराब होतील," म्हणून कानस हातातून काढून घेतात. माझं जर्नल सगळ्या बॅचमध्ये फिरतं, कारण अक्षर कॉन्व्हेंटचं. बाबांना मी कॉम्प्युटर घ्यायला हवं होतं. अजूनही ते म्हणतात की शेवटच्या वर्षी आयटीच्या कंपन्यांना बस आणि मोकळी हो. त्यामुळे "तू सांग" हे मला नवीन होतं.

मी कागद घेतला. कुठलीही कडक वस्तू अवकाशात सहा प्रकारे हलू शकते. पुढे-मागे, डावी-उजवी, वर-खाली, आणि तीन अक्षांभोवती फिरणं. इंजिनिअरिंग मेकॅनिक्समध्ये हे आपण सगळ्यांनी घोकलेलं आहे. बॉनेट धरून ठेवणाऱ्या गोष्टी किती? कॉर्व्हेटचं बॉनेट पुढून बिजागरीवर असतं आणि मागून, काचेच्या बाजूने उघडतं. (हे एक बरं असतं. धावताना वारा ते दाबून धरतो. लॅच सुटला तरी ते उडून काचेवर आपटत नाही.) म्हणजे पुढे दोन बिजागऱ्या, मागच्या दोन कोपऱ्यांत दोन लॅच, आणि टेकायला रबरी बफर. सहाच्या सहा हालचाली बांधायला हे सगळं मिळून कितीतरी जास्त झालं. एकाच वस्तूला इतके जण ओढत असले की प्रत्येकजण दुसऱ्याच्या विरुद्ध ओढतो, आणि ताण पडतो तो मधल्या फायबरवर.

म्हणून एकेक बोल्ट फिरवत बसण्यात अर्थ नव्हता. आधी सगळ्यांनाच सोडायला हवं होतं.

"बरोबर," काका म्हणाले. "लॅच काढ. बफर पार खाली बसव. फक्त बिजागऱ्यांवर बसू दे त्याला. बघू मनानं कुठं जातंय."

पण त्याच्या आधी त्यांनी मला दारं बघायला लावली. दाराच्या फटी वरपासून खालपर्यंत सारख्या आहेत का? बॉडी चेसिसवर रबर आणि पातळ पट्ट्या घालून बसवलेली असते. चाळीस-पन्नास वर्षांत रबर बसतं, पट्ट्या गंजतात, आणि मग बॉडीच वाकडी होते. तसं असेल तर बॉनेटशी झटापट करून उपयोग नाही, कारण चूक त्याच्या घरात असते. रेडिएटरच्या आधाराखालचं रबरही पाहिलं, कारण गाडीचं नाक त्यावर तोललेलं असतं. दोन्ही ठीक होती. हुश्श!

मग बिजागऱ्यांच्या कडेने पेन्सिलने रेघा मारल्या, म्हणजे काहीही झालं तरी परत पहिल्या जागी येता येईल. उजवीकडचे बोल्ट नीट सैल झाले. डावीकडचे झाले नाहीत. म्हणजे फिरत होते, पण सैल होत नव्हते. बोल्टबरोबर आजूबाजूचं फायबरच हलत होतं.

काकांनी काही न बोलता खिशातून नाणं काढलं आणि बॉनेट खालच्या बाजूने टकटक वाजवायला लागले. उजवीकडे टक, टक, टक, कडक आवाज. डावीकडच्या बिजागरीपाशी आल्यावर थप, थप. मला आमची आजी आठवली. उन्हाळ्यात माठ घेताना ती असाच एकेक वाजवून बघायची आणि कुंभाराला म्हणायची, "हा फुटका दिसतोय रे." कंपोझिटमध्ये थर सुटला आहे की नाही हे बघायची ही मान्यताप्राप्त पद्धत आहे. विमानांच्या भागांनाही नाणं वाजवून बघतात. पत्र्याच्या गाडीत लोक लोहचुंबक फिरवतात. जिथे लांबी जाड भरलेली असते तिथे चुंबक धरत नाही. फायबरला चुंबक कुठेच धरत नाही. तिथे कानच लागतो.

काळा रंग खरवडल्यावर सगळं दिसलं. काकांच्या आधीच्या कुठल्यातरी मालकाच्या काळात गाडी डाव्या बाजूला ठोकलेली असणार. बिजागरीच्या बोल्टांभोवती जुना तडा होता. तो कुणीतरी लांबीने भरून, घासून, रंगवून टाकला होता. लांबीला स्वतःची ताकद नसते. ती पोकळी भरते, भार घेत नाही. वीस-तीस वर्षं तिने कसंबसं निभावलं. हिवाळ्यात बोल्ट सोडून परत आवळल्यावर ती चुरली आणि बॉनेटची डावी बाजू काचेकडे सरकली. पुढे डावी बाजू मागे गेली की मागचं टोक उजवीकडे वळणारच. त्या गॅरेजवाल्याने डाव्या बफरला वर काढून कसंतरी बंद होईल असं केलं होतं. म्हणून डावा कोपरा वर. तीन सूत आणि शून्य सूत यांचं गणित सुटलं!

शनिवार दहा दिवसांवर होता. काकू म्हणाली, "अहो, विकायचीच आहे ना ती? कशाला एवढं?" टेक्सासहून दादाचा फोन आला. तोही तेच म्हणाला. काकांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, "चल, मास्क घाल."

फायबर घासणं ही काय चीज आहे हे घासल्याशिवाय कळत नाही. जूनमध्ये फुल शर्ट, हातमोजे, मास्क, गॉगल, आणि तरी रात्री कोपरापर्यंत खाज. (गार पाण्याने धुवायचं. गरम पाण्याने कातडीची रंध्रं उघडतात आणि काचेचे कण आणखी आत जातात असं काका म्हणाले. मी प्रयोग करून पाहिला नाही.) सगळी लांबी काढली. तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली, म्हणजे तो पुढे पळणार नाही. मग तड्याच्या भोवती घासून बशीसारखा उतार केला. उतार जितका लांब तितकी नव्या-जुन्याला एकमेकांना धरायला जागा जास्त.

फायबर म्हटलं की पॉलिएस्टर रेझिन, एवढंच मला माहीत होतं. पण त्या काळात कॉर्व्हेटचे भाग हाताने थर देऊन बनत नव्हते. कणकेसारखी मऊ तंतुमय पोळी गरम साच्यात दाबून बनवत. त्या मटेरियलवर इपॉक्सी जास्त चांगलं धरतं. पॉलिएस्टरमध्ये कॅटॅलिस्ट हवेप्रमाणे थोडं कमीजास्त करता येतं. इपॉक्सीत ते चालत नाही. तिथे रेझिन आणि हार्डनर दोघंही विक्रियेत वाटेकरी असतात. डब्यावर लिहिलेलं प्रमाण म्हणजे प्रमाण. जास्त हार्डनर घातलं म्हणून लवकर वाळत नाही, उलट कायमचं मऊ राहतं. आम्ही काकूचा स्वयंपाकघरातला वजनकाटा पळवला. तिने तो परत घेतला नाही. म्हणाली, "आता त्याच्यावर केकचं पीठ नको."

आणखी एक. इपॉक्सीबरोबर साधी चटई वापरायची नाही, विणलेलं कापड वापरायचं. चटईतले तुकडे ज्या गोंदाने एकत्र धरलेले असतात तो पॉलिएस्टरमधल्या स्टायरिनने विरघळतो. इपॉक्सीत स्टायरिन नसतं, त्यामुळे चटई ताठ राहते आणि कोपऱ्यात बसत नाही. हे मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नव्हतं. चार थर दिले, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा मोठा. ब्रशने थापून थापून हवेचे बुडबुडे काढले. थर मी दिले. काका स्टुलावर बसून फक्त बोट दाखवत होते, कारण गुडघ्यांमुळे त्यांना वाकून उभं राहता येत नव्हतं. त्यांचे हात मधेच आपोआप पुढे यायचे आणि ते परत मांडीवर ठेवायचे. ते बघवत नव्हतं.

वाळायला दिलेल्या दिवसांत बॉनेट सपाट, चारी बाजूंनी आधार देऊन ठेवलं. भिंतीला तिरकं टेकवून ठेवलं की उन्हाळ्यात ते स्वतःच्या वजनाने पीळ घेतं आणि तो पीळ मग जात नाही.

नवी भोकं पाडली. बोल्टखाली मोठे वायसर घातले, कारण छोटा वायसर सगळा भार एका टिचभर जागेवर देतो आणि फायबर तिथून तडकतं. मग आम्ही दोघांनी मिळून (शेजारच्या पीटरनामक धिप्पाड मुलाच्या मदतीने) ते परत बसवलं. आधी बिजागऱ्या. डावी बाजू पुढे ढकलायची, कणभर. बॉनेट लांब असल्यामुळे पुढे जेवढं हलवाल त्याहून जास्त मागचं टोक हलतं. मी ढकलायचे, बोल्ट हाताने आवळायचे, बंद करायचं, बिट घालायचं, परत उघडायचं. दुपारी दोन ते संध्याकाळी सात. तिकडे जूनमध्ये नऊपर्यंत उजेड असतो, एवढंच सुख.

दीड सूत म्हणजे तीन-सोळांश इंचाचं बिट. उजवीकडे अलगद गेलं. डावीकडे गेलं आणि जरासं सैल वाटलं. काकांनी बोटाने चाचपलं. "पाव सूत जास्त आहे. राहू दे. कारखान्यातून येताना पण एवढंच असेल."

मग बफर. एकेक फेरा वर, दोन्ही कोपरे फेंडरच्या पातळीत येईपर्यंत. आणि सगळ्यात शेवटी लॅच. लॅचचं काम धरून ठेवण्याचं आहे, ओढून जागेवर आणण्याचं नाही. खुंटी बरोबर भोकाच्या मध्यावर उतरते का हे बघायला मुलांची खेळायची क्ले लावली आणि बॉनेट हलकेच टेकवलं. ठसा मध्यावर आल्यावरच पूर्ण बंद केलं. घाई केली आणि खुंटी आत अडकली तर हे बॉनेट बाहेरून उघडायला मार्ग नाही, गाडीखाली झोपून हात घालावा लागतो. दोन लॅच एकाच केबलवर असतात, आणि ती ओढायची मूठ आत असते.

"खट्" असा एकच आवाज आला. दोन लॅच, एक आवाज. काका म्हणाले, "जुळलं बघ सूत." आणि नाक पुसत आत गेले.

दुसऱ्या दिवशी मी खालून काळा रंग मारायला घेतला, तर त्यांनी डबा बाजूला ठेवायला सांगितला. दुरुस्त केलेली जागा तशीच उघडी ठेवायची. घेणाऱ्याला दिसली पाहिजे.

तेव्हा त्यांनी आजोबांची गोष्ट सांगितली. उद्यमनगरात कास्टिंगमध्ये हवेचं भोक राहिलं की बरेच जण मसाला भरून, घासून माल पाठवायचे. आजोबा त्या भोकाभोवती खडूने गोल करायचे आणि मग पाठवायचे. ज्याला चालेल त्याने ठेवावं, नाहीतर परत करावं. मी विचारलं, "मग धंदा वाढला का?" मला वाटलं, आता ‘सत्याचा विजय’ येणार. काका म्हणाले, "छे. बंद पडला की. तुझ्या बाबांच्या फीसाठी शेपर विकायला लागला." थोडं थांबून म्हणाले, "पण आजही उद्यमनगरात गेलं की लोक चहा पाजतात."

शनिवारी शाळामास्तर आला. काकांनी आधी बॉनेटच उघडलं, टॉर्च लावली, जुन्या लांबीचे फोटो दाखवले आणि जागा दाखवली. तो बराच वेळ वाकून बघत राहिला. मग म्हणाला, काम चांगलं झालंय, पण गाडी ठोकलेली आहे हे मला माहीत नव्हतं. हजार डॉलर कमी करा. काकांनी केले. काकू त्या दिवशी जेवताना बोलली नाही. दादाने फोनवर हिशेब सांगितला: दहा दिवसांची मजुरी, सामान आणि वर हजार डॉलर. त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. मी अजूनही मनात दोन्ही बाजू मांडून बघते, आणि कधी कधी दादाचंच पटतं. पण ती गाडी आता दुसऱ्या कुणाच्या तरी रविवारी धावते आहे, आणि तिचं बॉनेट का नीट बसतं हे त्याला ठाऊक आहे, हेही मला बरं वाटतं.

जाताना त्या माणसाने विचारलं, हे फायबरचं काम कुठे करून घेतलंत? काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. त्याला वाटलं काका गंमत करताहेत.

परत आल्यावर बाबांना सगळं सांगितलं. शेपरचा उल्लेख आल्यावर ते गप्प झाले. ती गोष्ट मला माहीत असावी असं त्यांना बहुधा वाटत नव्हतं. आयटी की कोअर यावर आमचं अजून एकमत नाही. पण आता ते ओरडत नाहीत, आणि मीही दार आपटून खोलीत जात नाही. बोल्ट सैल झालेत एवढं नक्की. आवळायला अजून वर्ष आहे.

वर्कशॉपमध्ये मात्र या सेमिस्टरला मी जर्नल लिहिणं थांबवलं आहे. म्हणजे माझं लिहिते, बॅचचं लिहीत नाही. पहिल्या वर्षाच्या मुलींना एवढंच सांगेन, कानस कुणी प्रेमाने मागितली तरी देऊ नका. हात खराब होतात, आणि चार दिवसांत बरेही होतात. जाता जाता: लेडीज होस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावरच्या बाथरूमचं दार मी आल्यापासून लागत नव्हतं. गेल्या महिन्यात आम्ही तिघींनी त्याची कडी काढली, बिजागऱ्या सैल केल्या, दाराला मनाने कुठे जायचंय ते बघितलं आणि मग परत आवळल्या. आता ते लागतं. वरच्या कोपऱ्यात अर्धा सूत फट आहे, तिच्याभोवती खडूने गोल केलाय.